आतून निरोगी, तरीही मेलेले : एल कोपेच्या बेडकांचं प्रकरण

पनामाच्या कोक्ले प्रांतात एल कोपे नावाचं गाव आहे. त्याच्या वरच्या डोंगरात, पाणी अटलांटिककडे जायचं की पॅसिफिककडे हे जिथे ठरतं त्या कण्यावर, ओमार तोरिहोस राष्ट्रीय उद्यान पसरलेलं आहे. ढगांत बुडालेलं, ओलंचिंब, रात्री गार राहणारं जंगल आणि त्यात जागोजागी ओढे. उभयचरांना याहून चांगलं घर शोधून सापडलं नसतं. उभयचरांच्या अभ्यासक करेन लिप्स आणि त्यांचे सहकारी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून इथल्या ठरलेल्या वाटांवर आणि ओढ्यांकाठी रात्री फिरून बेडूक मोजत होते. बेडूक आणि सॅलॅमँडर (सरड्यासारखे दिसणारे, शेपटीचे उभयचर) मिळून ६३ जातींची नोंद या एका जागी झाली होती.

सप्टेंबर २००४ च्या अखेरीस साथीच्या रोगाची लागण झालेला पहिला बेडूक हाती लागला. ऑक्टोबरमध्ये वाटेवर मेलेले बेडूक दिसू लागले आणि नंतर ते दिसतच राहिले. काही महिन्यांतच रात्रीचे ओढे मुके झाले. मेलेले प्राणी आठ कुळांतले होते: झाडावरचे, पाण्यातले, पालापाचोळ्यातले. २०१० मध्ये या जागेचा हिशोब प्रसिद्ध झाला. ६३ पैकी २५ जाती तिथून नाहीशा झाल्या होत्या. साथीआधी जपून ठेवलेल्या नमुन्यांचा डीएनए तपासला, तेव्हा आजवर वेगळ्या न ओळखलेल्या आणखी ११ जाती असाव्यात असं दिसलं. त्यातल्या ५ जातीही तोवर गेल्या होत्या. कुणी नाव देण्याआधीच या जाती त्या डोंगरावरून पुसल्या गेल्या. या प्रकरणातली मला सर्वांत जड जाणारी गोष्ट हीच आहे.

हे लिहिण्याचं कारण मात्र वेगळं आहे. प्राण्यांची आणि वनस्पतींची बाह्य आवरणं शिकवताना आपण खवले, पिसं, केस, कवच, साल अशी यादी करतो आणि पुढे ‘संरक्षण’ लिहून मोकळे होतो. बेडकाची कातडी या यादीत धडपणे बसत नाही. ती काय करते हे नीट न कळल्यामुळे या मृत्यूंचं कारण बरीच वर्षं लोकांच्या गळी उतरलं नाही.

आधीची पार्श्वभूमी

एल कोपेची टीम रिकाम्या हाती वाट पाहत नव्हती. कोस्टा रिकातल्या मोन्तेवेर्दे इथला सोनेरी भेक १९८७ मध्ये शेकड्यांनी जमलेला लोकांनी पाहिला होता. १९८९ नंतर तो कुणालाच दिसला नाही. पश्चिम पनामातल्या फोर्तुना इथे १९९६-९७ च्या सुमारास ओढ्याकाठी मेलेले बेडूक सापडले. नकाशावर या जागा ओळीने मांडल्या की ऱ्हास वायव्येकडून आग्नेयेकडे, डोंगररांगेच्या कडेकडेने सरकताना दिसत होता. एल कोपे त्याच रांगेवर, फोर्तुनाच्या पूर्वेला. म्हणून तिथे साथ येण्याआधीच मोजणी सुरू झाली. जीवशास्त्रात अशी संधी क्वचित मिळते आणि ती मिळावी अशी कुणाची इच्छाही नसते: रुग्ण निरोगी असतानाची संपूर्ण नोंद हातात, आणि आजार दाराशी.

तिकडे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या पर्जन्यवनांतही असंच घडत होतं. संरक्षित, शेतीपासून दूर, स्वच्छ पाण्याच्या ओढ्यांवरचे बेडूक नाहीसे होत होते. कीटकनाशकं, आम्लधर्मी पाऊस, अतिनील किरण, हवामान अशी अनेक कारणं पुढे आली. हा साथीचा रोग असावा असं १९९६ मध्ये काही संशोधकांनी मांडलं, तेव्हा त्यावर बरीच टीका झाली. आक्षेप तर्काला धरूनच होता. यजमान विरळ झाला की रोगाचा प्रसार मंदावतो, मग एकच रोगजंतू जातीच्या जाती मुळापासून कशा उपटेल? या आक्षेपात एक गोष्ट सुटली होती. जंतू एकाच जातीवर अवलंबून नसेल, एखादी जात त्याला अंगावर बाळगूनही ठणठणीत राहत असेल, तर दुसरी जात संपली तरी त्याचं काहीच बिघडत नाही.

शवविच्छेदनात काय दिसलं

मरणाऱ्या बेडकांची लक्षणं सगळीकडे सारखी होती. रात्री हिंडणारा बेडूक भर दिवसा उघड्यावर बसलेला. मागचे पाय अंगाखाली न घेता बाजूला पसरलेले. हात लावला तरी उडी नाही. उताणा केला तर त्याला सरळ होता येत नाही. अंगावर कातीचे तुकडे चिकटलेले. यानंतर बहुतेकदा थोड्याच वेळात मृत्यू.

आत मात्र काहीच नाही. यकृत, मूत्रपिंड, फुप्फुसं, आतडी यांत मृत्यूचं कारण ठरेल असा बिघाड सापडत नव्हता. पोटात अन्न असलेले, अंगाने भरलेले बेडूकही मेले होते. ली बर्जर आणि सहकाऱ्यांनी क्वीन्सलंड आणि पनामा या दोन्ही ठिकाणच्या मेलेल्या बेडकांच्या कातडीचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा उत्तर सगळ्यांत वरच्या थरात दिसलं. केराटिनयुक्त (नखांत-केसांत असतं त्या कठीण प्रथिनाच्या) पेशींमध्ये गोल पोकळ्या होत्या. काही रिकाम्या, काही दाण्यांनी भरलेल्या. त्यांच्याभोवती कातडी जाड आणि खडबडीत झाली होती. १९९८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. पुढच्या वर्षी, वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका निळ्या विषारी बेडकाच्या कातडीतून वाढवलेल्या बुरशीला नाव मिळालं: बॅट्राकोकिट्रियम डेंड्रोबॅटिडिस.

ही किट्रिड गटातली बुरशी. या गटातले बहुतेक सदस्य पाण्यात आणि मातीत कुजणाऱ्या वस्तूंवर जगतात, काही वनस्पतींवर. बटाट्यावर चामखिळीसारख्या गाठी आणणारी सिंकिट्रियम याच गटातली, आणि तीही कोवळ्या भागाच्या बाह्यत्वचेतूनच आत शिरते. पृष्ठवंशी प्राण्याला मारणारी किट्रिड बुरशी मात्र तोवर कुणी पाहिली नव्हती.

तिचं जीवनचक्र साधं आहे. एक शेपटी असलेला चलबीजाणू पाण्यात जेमतेम सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर पोहतो, कातडीला चिकटतो, शेपूट टाकतो आणि पेशीत मूळ धरतो. तिथे चार-पाच दिवसांत बाटलीच्या आकाराची बीजाणुधानी, म्हणजे नवे बीजाणू बनवणारी पिशवी, तयार होते. तिची नळी कातडीच्या पृष्ठभागावर उघडते आणि नवे चलबीजाणू बाहेर पडतात, काही पाण्यात तर काही त्याच बेडकाच्या अंगावर पुन्हा. यातली एक बारीक गोष्ट पाहण्यासारखी आहे. कातडीच्या पेशी खालून वर सरकत असतात, आणि बीजाणुधानी त्यांच्यासोबतच पिकत वर येते. पेशी अगदी वरच्या थरात पोहोचते तेव्हा नळी उघडायला तयार असते. यजमानाच्या कातडीची लय या बुरशीने अचूक पकडलेली आहे.

वरवरची बुरशी जीव कशी घेते?

खरा पेच इथे होता. आपल्याला नायटा होतो, कुत्र्याला होतो. त्याने कुणी मरत नाही. बुरशी काही पेशींच्या जाडीपलीकडे जात नाही, रक्तात उतरत नाही, मग बेडूक मरतो कशाने? बुरशी विष सोडत असेल, असा एक अंदाज होता. दुसरा असा की कातडीचं काम बंद पडत असेल.

कातडीचं काम म्हणजे काय, तर बेडकाच्या बाबतीत जवळजवळ सगळंच. तो तोंडाने पाणी पीत नाही. पोटाखालची आणि मांड्यांमधली पातळ कातडी ओल्या जमिनीला टेकवून बसतो आणि तिथून पाणी शोषतो. त्याच्या शरीरातला बराचसा कार्बन डायऑक्साइड कातडीतून बाहेर जातो, आणि सॅलॅमँडरांच्या एका मोठ्या कुळाला तर फुप्फुसंच नाहीत. गोड्या पाण्यात बसलेल्या प्राण्याच्या अंगातले क्षार सतत बाहेर झिरपत असतात. बेडकाची कातडी त्या क्षारांतलं सोडियम पाण्यातून पुन्हा आत ओढून घेते, ऊर्जा खर्च करून, अखंड. वरचा मृत थर तिला परवडेल तेवढाच ठेवलेला असतो: एक किंवा दोन पेशी.

झाडाशी ताडून पाहायचं तर सालीशी ताडू नये. सालीचं काम पाणी अडवायचं. तिच्या पेशी मेलेल्या, भिंतींत मेणचट द्रव्य मुरलेल्या, आणि श्वासापुरती वातरंध्रं सोडलेली. बेडकाच्या पोटाची कातडी मुळाच्या कोवळ्या टोकाशी जुळते. तिथेही बाह्यत्वचा उघडी, पातळ, पाणी आणि क्षार वेचून आत घेणारी. एल कोपेच्या त्याच ओढ्यांकाठी सरडे आणि सापही होते. त्यांच्याही अंगावर केराटिनच आहे, पण जाड, कोरडं आणि खवल्यांचं. पोहत येणाऱ्या बीजाणूला तिथे ओलाव्याची वाटच मिळत नाही. त्या प्राण्यांना ही बुरशी झाली नाही. केराटिन दोघांकडे असूनही एक आवरण भिंत ठरलं आणि दुसरं दार, याचं कारण ते किती जाड आणि किती ओलं आहे यात आहे.

बेडकाची कातडी सोडियम ओढते हे नवीन ज्ञान नव्हतं. डॅनिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ हान्स उसिंग यांनी १९५१ मध्ये झेराह्न यांच्यासोबत बेडकाच्या कातडीचा तुकडा दोन द्रावणांच्या मध्ये ताणून बसवला आणि तिच्यातून वाहणारा विद्युतप्रवाह म्हणजे सोडियमचीच वाहतूक आहे हे मोजून दाखवलं. पेशींमधल्या क्षारवाहतुकीची कितीतरी समज या एका कातडीवर उभी राहिली. तरी रोगाचं कारण शोधताना तिची आठवण उशिरा झाली, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं. एका खोलीत तिचं काम माहीत होतं आणि दुसऱ्या खोलीत तिचा आजार पाहिला जात होता.

या दोन खोल्या जोडल्या त्या जेमी व्हॉइल्स आणि सहकाऱ्यांच्या २००९ मधल्या प्रयोगाने. ऑस्ट्रेलियातल्या हिरव्या झाडबेडकांना बुरशीची लागण केली, आजारी बेडकांच्या पोटाची कातडी उसिंगच्याच पद्धतीच्या कक्षात बसवली आणि वाहतूक मोजली. निरोगी कातडीच्या तुलनेत ती निम्म्याहून जास्त घटली होती. रक्तात सोडियम सुमारे २० टक्क्यांनी आणि पोटॅशियम सुमारे ५० टक्क्यांनी उतरलेलं. हृदयाची नोंद घेतली तर शेवटी ठोका सपाट होऊन बंद पडत होता. पसरलेले पाय, न निघणारी उडी, अचानक मृत्यू या सगळ्यांचा अर्थ लागला. मग आजारी बेडकांना तोंडावाटे क्षारांचं द्रावण दिलं. ते वाचले नाहीत, पण जास्त वेळ जगले आणि त्यांच्या हालचाली काही काळ सुधारल्या. मृत्यूचं कारण क्षार गमावणं हेच आहे, हे यापेक्षा थेट दाखवता आलं नसतं.

दोन गुंतागुंती

पहिली, बेडूकमाशांची. बाधित बेडूकमासे सहसा मरत नाहीत. त्यांच्या अंगाच्या कातडीत केराटिन नसतं. ते असतं फक्त तोंडाच्या काळ्या चोचीत आणि दातांच्या ओळींत. बुरशी तेवढंच धरते. बेडूकमासा खरवडून खातो, त्यामुळे तोंड खराब झालं की वाढ खुंटते, पण जीव राहतो. मग पाय फुटतात, शेपूट अंगात जिरते, अंगावर नवी केराटिनची कातडी चढते आणि बुरशी तोंडातून अंगभर पसरते. ओढ्यातून नुकतीच बाहेर आलेली पिल्लं पटापट मरायची ती म्हणूनच. बेडूकमाशांनी भरलेला ओढा पाहून ‘इथे सगळं ठीक आहे’ म्हणणं धोक्याचं होतं.

दुसरी गुंतागुंत कात टाकण्याची. बेडूक दर काही दिवसांनी वरचा थर सोडतो आणि बहुधा खाऊन टाकतो. यात बुरशीचाही काही भाग निघून जातो, म्हणजे हा बचाव आहे. पण नवी कातडी उघडी पडते त्या वेळात क्षार जास्त झिरपतात. निरोगी बेडूक ते भरून काढतो. बाधित बेडूक वारंवार कात टाकतो आणि त्याची आत ओढण्याची यंत्रणा तर आधीच मोडलेली असते. लागण वाढत गेली की बचावाचा उपायच त्याचा तोटा वाढवतो.

विष होतं, तरी उपयोग झाला नाही

एल कोपेच्या पूर्वेला एल व्हाये दे आंतोन आहे, पनामाच्या सोनेरी बेडकाचं गाव. हा बेडूक दिवसा, उघड्यावर, पिवळाधमक अंगाने फिरतो, कारण त्याच्या कातडीत झेटेकिटॉक्सिन हे जबर विष आहे. ते गिळणाऱ्या प्राण्याच्या मज्जापेशींच्या सोडियम वाहिन्या बंद करतं. तोंड असलेल्या शत्रूपासून त्याला चांगलंच संरक्षण होतं. बीजाणूपुढे ते निरुपयोगी ठरलं. २००९ नंतर जंगलात या बेडकाची खात्रीची नोंद नाही.

बुरशीविरुद्ध उपयोगी पडतात ती कातडीतली वेगळी द्रव्यं. मायकेल झास्लॉफ यांनी १९८७ मध्ये आफ्रिकी नखवाल्या बेडकाच्या कातडीतून मॅगेनिन नावाची जंतुनाशक पेप्टाइडं, म्हणजे छोटी प्रथिनं, वेगळी केली होती. हाच बेडूक ही बुरशी अंगावर बाळगूनही आजारी पडत नाही. एकेकाळी बायकांच्या गर्भधारणेच्या चाचणीसाठी तो जगभर पाठवला जायचा, म्हणून साथ त्याच्यामुळे पसरली असा बराच काळ संशय होता. २०१८ मध्ये जगभरच्या नमुन्यांचे जनुकसंच ताडून पाहिले, तेव्हा बुरशीचं मूळ पूर्व आशियाकडे, कोरियन द्वीपकल्पाकडे बोट दाखवत होतं. उभयचरांच्या व्यापारातून तिचा फैलाव झाला, हा निष्कर्ष मात्र त्यातून पक्का झाला.

ओढ्याचं काय झालं

बेडूकमासे गेले आणि दगडांवरचं शेवाळ वाढलं, कारण ते खरवडणारं कुणी उरलं नाही. बेडूक खाणाऱ्या सापांच्या मोजणीत एल कोपेतच साथीनंतर कमी जाती आढळल्या आणि अनेक जातींचे साप रोडावलेले होते. हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सापांच्या खवल्यांना बुरशीने हातही लावला नव्हता, तरी साथ त्यांच्यापर्यंत पोहोचली. जगभरचा हिशोब २०१९ मध्ये मांडला गेला: या रोगाने किमान ५०१ उभयचर जाती घटल्या आणि त्यांतल्या ९० जाती नामशेष झाल्या असाव्यात. एका रोगजंतूमुळे जीवविविधतेची एवढी हानी झाल्याची दुसरी नोंद नाही.

उपाय, आणि त्यांच्या मर्यादा

बंदिस्त जागेत हा रोग बरा होतो. इट्राकोनॅझोल या बुरशीनाशक औषधाच्या सौम्य द्रावणात रोज थोडा वेळ बुडवलं, किंवा सोसेल त्या जातीला काही दिवस उबेत ठेवलं, तर बुरशी जाते. तिला १७ ते २५ अंश सेल्सियस मानवतं आणि ३० च्या जवळ ती मरायला लागते. साथ यायच्या आधी एल व्हायेचे बेडूक गोळा करून तिथल्या एका हॉटेलच्या खोल्यांमध्ये टाक्यांत ठेवले गेले आणि पुढे त्यांच्यासाठी स्वतंत्र केंद्र उभं राहिलं. सोनेरी बेडूक आज आहे तो अशा पैदाशीमुळेच. पण बरा केलेला बेडूक ओढ्यावर सोडला की तीच बुरशी तिथे हजर असते.

कातडीवरच्या उपयोगी जिवाणूंचा मार्ग मोठ्या आशेने तपासला गेला. जँथिनोबॅक्टेरियम हा जांभळं द्रव्य बनवणारा जिवाणू कॅलिफोर्नियातल्या पिवळ्या पायांच्या बेडकाला प्रयोगशाळेत वाचवू शकला. सोनेरी बेडकाच्या अंगावर तो टिकलाच नाही आणि बेडूक मेले. मला हे अपयश महत्त्वाचं वाटतं. प्रत्येक जातीची कातडी ही वेगळी वस्ती आहे; एकीवरचा रहिवासी दुसरीवर नांदेलच असं नाही. ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये भोकांच्या विटांचे ढीग उन्हात तापवून बेडकांना शेकायला जागा करून दिली, तेव्हा त्यांनी आपणहून ऊब घेतली, बुरशी झटकली आणि पुढच्या लागणीलाही ते चिवट ठरले. सपाटीवरच्या, ऊन मिळणाऱ्या पाणथळीत हे जमेल. एल कोपेच्या ढगांखाली जमणार नाही.

तिथे जे घडलं ते बेडकांनीच घडवलं. साथीनंतर काही वर्षांनी पनामात थोड्या जाती पुन्हा दिसू लागल्या. एस्पाडाराना हा पारदर्शक पोटाचा काचबेडूक तर एल कोपेतून पूर्ण गेलाच नव्हता. बुरशी सौम्य झाली का, हे व्हॉइल्स आणि सहकाऱ्यांनी तपासलं आणि २०१८ मध्ये मांडलं. साथीच्या वेळी साठवलेली बुरशी आणि नंतरची बुरशी सारखीच मारक निघाली. बदल दिसला तो कातडीत: साथीतून तरलेल्या बेडकांचा स्राव, साथ न पाहिलेल्या त्याच जातीच्या बंदिस्त बेडकांच्या स्रावापेक्षा, बुरशीला जास्त रोखत होता.

पैदास केंद्रांपुढचा आजचा अवघड प्रश्न यातूनच आला आहे. स्वच्छ टाक्यांत पिढ्यानपिढ्या वाढलेल्या बेडकांनी ही बुरशी पाहिलेलीच नाही, त्यामुळे त्यांच्या कातडीची निवडही झालेली नाही. पनामात २०१७ पासून हार्लेक्विन बेडकांच्या (सोनेरी बेडूक ज्या गटातला, त्या गटाच्या) काही जाती चाचणी म्हणून जंगलात सोडल्या जात आहेत. सोडण्याआधी ज्यांचा स्राव चांगला तेच निवडून वाढवायचे, की जास्त संख्येने सोडून निवड ओढ्यावर होऊ द्यायची, यावर काम करणाऱ्यांत मतभेद आहेत. निवडून वाढवण्यात जनुकांची विविधता आटण्याचा धोका आहे. सोडून देण्यात बहुतेक बेडूक मरणार हे गृहीत धरावं लागतं. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, पण ज्या जातीचे बंदिस्त बेडूक थोडेच उरलेत तिच्या बाबतीत हे बोलणं मला जड जातं.